सणाची शुभेच्छा, समोरच्याच्या भाषेत

कसई-दोडामार्ग हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेला खेटून वसलेले आहे. येथून निघालेला रस्ता थोड्याच वेळात गोव्यात शिरतो आणि डिचोलीकडे किंवा अस्नोड्यावरून म्हापशाकडे जातो. सह्याद्रीतून उतरणारी तिलारी नदीही सीमा ओलांडून गोव्यात जाते व पुढे शापोरा या नावाने समुद्राला मिळते. नदीचे नाव बदलते, पाणी तेच राहते. सणांच्या शब्दांचेही या भागात असेच आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीमेच्या अलीकडे ‘नाताळाच्या शुभेच्छा’ ऐकू येतात, तर पलीकडे ‘नाताळाचीं परबीं’. दिवाळीत फराळाचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते आणि नाताळात त्याच ताटातून नेवऱ्या व दोदोल परत येतात. सावंतवाडी येथे केंद्र असलेला सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत 2005 साली स्थापन झाला. परंतु ताटांची ही देवघेव त्याहून पुष्कळ जुनी आहे.

‘नाताळ’ हा शब्द मराठीइतकाच गुजराती घरांतही रुळलेला आहे. हिंदी भाषक या दिवसाला ‘बडा दिन’ म्हणतात. पश्चिम किनाऱ्याने मात्र पोर्तुगीजांकडून ‘नाताल’ घेतला आणि शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ करून तो पूर्णपणे आपला केला. पोर्तुगीजांना तो लॅटिनमधून मिळाला होता. लॅटिनमध्ये ‘नातालिस’ म्हणजे जन्माचा, जन्माविषयीचा. त्याच लॅटिनची दुसरी कन्या म्हणजे इटालियन भाषा. तिच्यात या सणाला ‘नाताले’ म्हणतात आणि शुभेच्छा देताना ‘ब्वोन नाताले’ असे म्हणतात. ‘ब्वोन’ म्हणजे शुभ, चांगला. दोडामार्गच्या माणसाला या दोन शब्दांपैकी एक तर जन्मापासूनच ठाऊक असतो. दुसरी प्रचलित शुभेच्छा ‘ब्वोने फेस्ते’ ही आहे. तिचा अर्थ ‘सण आनंदाचे जावोत’. चर्चच्या जत्रेला ‘फेस्त’ म्हणणाऱ्या या सीमाभागाला तिचाही अर्थ सांगावा लागत नाही. सांताक्लॉजला मराठीत ‘नाताळबाबा’ म्हणण्याची पद्धत आहे. इटालियन लोक त्यालाच ‘बाब्बो नाताले’ म्हणतात आणि ‘बाब्बो’चा अर्थ बाबा असाच आहे.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. मराठी घरात रोज उच्चारले जाणारे साबण, चावी, पगार, बटाटा, अननस, पाद्री हे शब्द पोर्तुगीजांच्या मार्गाने आले आणि त्या सर्वांचे भाऊबंद इटालियनमध्ये सापडतात. चावीला इटालियन माणूस ‘क्यावे’ म्हणतो, साबणाला ‘सापोने’ आणि पैसे चुकते करण्याला ‘पागारे’. ‘बँक’ हा शब्दही मूळचा त्यांचाच. सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसे त्या बाकाला ते ‘बांको’ म्हणत. त्या बाकाचीच पुढे बँक झाली.

आता कोणी विचारील की, दोडामार्गच्या, कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या कुटुंबाला इटालियन शुभेच्छांची गरज ती काय? गरज पडू लागली आहे. अनेक घरांतील मुलेमुली मिलान व तुरीन येथील विद्यापीठांत शिकत आहेत. सोन्याचांदीच्या व्यवसायातील मंडळी व्हिचेंझा येथील दागिन्यांच्या प्रदर्शनाला जातात. कोणाच्या मुलाची घरमालकीण इटालियन असते, कोणाच्या सुनेची कचेरीतील सहकारी. डिसेंबर उजाडला की त्यांच्याकडून संदेश येतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. त्या वेळी बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. कोठून तरी आलेले, बर्फ आणि घंटा असलेले इंग्रजी अक्षरांचे चित्र जसेच्या तसे पुढे पाठवले जाते. पाठवणाऱ्याने ते वाचलेले नसते आणि घेणाराही ते वाचत नाही. शुभेच्छा पोहोचल्याची नोंद होते. माणूस मात्र माणसापर्यंत पोहोचत नाही.

समोरच्याच्या भाषेत दोन शब्द बोलण्याचे मोल नीट समजून घ्यायचे असेल, तर दोडामार्गच्या पलीकडचा इतिहास आठवावा लागतो. ‘नाताळ’ हा शब्द या किनाऱ्यावर आला तो केवळ प्रेमाने आला नाही. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मधली काही वर्षे सोडता ते 1812 पर्यंत टिकले. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत कोकणी सोडून पोर्तुगीज भाषा अंगीकारावी. त्या काळात अनेक कुटुंबे आपले देव आणि आपली भाषा घेऊन पोर्तुगीज हद्दीबाहेर गेली. फर्मान काढणाऱ्यांची सत्ता 19 डिसेंबर 1961 रोजी संपली. कोकणी मात्र आज गोव्याची राजभाषा आहे.

याच काळातले दुसरे उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवावे. इंग्लंडमधून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातच मराठीचा अभ्यास केला आणि 1616 साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत छापले गेले. त्यांचा उद्देश धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. तरीही ख्रिस्तजन्माची कथा येथील माणसाला सांगायची तर ती त्याच्याच भाषेत सांगितली पाहिजे, एवढे त्यांनी ओळखले. फर्मानाने लादलेल्या भाषेची आठवण लोकांच्या मनात सलत राहिली. आपणहून शिकलेल्या भाषेतला ग्रंथ मात्र मराठीच्या अभ्यासकांनी मानाने जपला. सक्तीची भाषा आणि आपखुशीने उच्चारलेला परभाषेचा शब्द यांत एवढे अंतर आहे. शुभेच्छा ही दुसऱ्या प्रकारात मोडते. ती देण्याची सक्ती कोणी करीत नाही, म्हणूनच तिला किंमत आहे.

मग ती नीट द्यावी. इटलीत सणांचे दिवस 24 डिसेंबरपासून 6 जानेवारीपर्यंत चालतात आणि प्रत्येक टप्प्याचा शब्द ठरलेला आहे. 25 डिसेंबरला ‘ब्वोन नाताले’. 26 तारखेलाही तेथे सुटी असते. तो दिवस संत स्तेफानो यांचा. 1 जानेवारी म्हणजे ‘कापोदान्नो’, अर्थात वर्षाचे शीर्ष, वर्षाचा माथा. त्या दिवशी ‘ब्वोन आन्नो’ म्हणतात किंवा पत्रात अधिक औपचारिकपणे ‘फेलीचे आन्नो न्वोवो’ असे लिहितात. यातील ‘न्वोवो’ हा आपल्या ‘नव’ या शब्दाचा सगोत्र आहे. 6 जानेवारीला एपिफानियाचा सण येतो. आदल्या रात्री बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते आणि मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवून जाते, अशी तेथील समजूत आहे. हा दिवस सगळे सण आपल्याबरोबर घेऊन जातो, अशा अर्थाची म्हणही इटालियनमध्ये आहे. नेमकी तारीख लक्षात नसेल, किंवा समोरची व्यक्ती कोणता धर्म पाळते हे ठाऊक नसेल, तर ‘ब्वोने फेस्ते’ म्हणावे. ते सर्वांना आणि या सर्व दिवसांना चालते.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाची बाजू इंग्रजांपेक्षा भक्कम आहे. इटालियनमधील ‘त’ आणि ‘द’ हे आपल्यासारखेच दंत्य आहेत. म्हणून ‘नेटाली’ नव्हे, तर सरळ ‘नाताले’ म्हणावे आणि जोर ‘ता’वर द्यावा. ‘र’ स्पष्ट उच्चारावा. स्वर लिहिल्याप्रमाणे पूर्ण म्हणावेत. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. ‘आन्नो’ या शब्दातील ‘न’ दुहेरी आहे. पटा आणि पट्टा, कला आणि कल्ला हे शब्द जसे आपण वेगळे ठेवतो, तसेच तेथेही आहे. ‘न’ एकेरी झाला तर वर्षाऐवजी शरीराच्या एका अनुल्लेखनीय भागाचा उल्लेख होतो. लिहितानाही हे ध्यानात ठेवावे, कारण नववर्षाच्या पत्रातली ही चूक वाचणारा विसरत नाही.

इटालियन माणसाच्या तोंडी सर्वांत अधिक येणारा शब्द ‘आउगूरी’ हा आहे. सण, वाढदिवस, विवाह, नवे दुकान, सर्वत्र तो चालतो. ‘तांती आउगूरी’ म्हणजे पुष्कळ शुभेच्छा. प्राचीन रोममध्ये ‘आउगुर’ नावाचे पुरोहित पक्ष्यांच्या उड्डाणावरून शुभाशुभ सांगत असत. त्यांच्यावरून हा शब्द आला. संस्कृतातही ‘शकुन’ शब्दाचा एक अर्थ पक्षी असा आहे आणि पक्ष्यावरूनच शुभचिन्हाला ‘शकुन’ म्हणू लागले. एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या दोन संस्कृतींनी शुभचिंतनासाठी आकाशातल्या पाखराकडेच पाहिले, हे लक्षात आल्यावर तो परका शब्द फारसा परका राहत नाही.

आपण शुभेच्छा दिल्यावर समोरून ‘ग्रात्सिए, आल्त्रेत्तांतो’ असे उत्तर येईल. त्याचा अर्थ ‘आभारी आहे, आपल्यालाही तेवढ्याच’. येथे मानाचा प्रश्न येतो आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे जसे ‘तू’ आणि ‘आपण’, तसे तेथे ‘तू’ आणि ‘लेइ’. मित्राला ‘आंके आ ते’ म्हणजे ‘तुलाही’. घरमालकीण, प्राध्यापक किंवा व्यापारी संबंधातील वडीलधारी व्यक्ती असेल तर ‘आंके आ लेइ’ म्हणजे ‘आपल्यालाही’. पत्राच्या शेवटी ‘आउगूरी आ लेइ ए फामील्या’ असे लिहिण्याची रीत आहे. आपण ‘आपणांस व आपल्या परिवारास’ असे लिहितो, त्याचेच हे इटालियन रूप. इंग्रजीतून शुभेच्छा पाठवताना हा मान वाटेत गळून पडतो. इटालियनमध्ये पाठवल्यास तो जागेवर राहतो.

नववर्षाचा शब्द व्यापारी घराण्यांना विशेष जवळचा वाटावा. हिशेबाची दुहेरी नोंदपद्धती ज्या ग्रंथातून जगभर प्रसिद्ध झाली, तो लुका पाचोली या इटालियन साधूचा ग्रंथ 1494 साली व्हेनिस येथे छापला गेला. हिशेबाच्या वहीचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, असा उपदेश त्यांनी व्यापाऱ्याला केला आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपड्यावर ‘श्री’ काढून गौतमस्वामींचे स्मरण करणाऱ्या घरात हा उपदेश वाचून कोणालाही नवल वाटणार नाही. इटलीत नववर्षाच्या ताटात मसूर असतो. त्याचे चपटे गोल दाणे नाण्यांसारखे दिसतात, म्हणून तो वर्षभराच्या समृद्धीचा शकुन मानतात.

याच ठिकाणी आहाराची अडचणही येते. तो मसूर बहुधा मांसाच्या पदार्थाबरोबर वाढला जातो. नाताळात भेट म्हणून दिला जाणारा मिलानचा ‘पानेत्तोने’ हा गोड पाव अंडी घालून केलेला असतो. गोव्याच्या बेबिंकेतही अंडी असतात. तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाच्या रसाच्या दोदोलात मात्र ती नसतात. दोडामार्गच्या बाजूचे ख्रिस्ती शेजारी हे जाणतात आणि शाकाहारी घराचे ताट त्याप्रमाणे लावतात. इटालियन यजमानाला ते ठाऊक नसते. त्याची शुभेच्छा मनापासून स्वीकारावी, त्याच्याच भाषेत परत करावी आणि मग खाद्यपदार्थाविषयीचा आपला नियम नम्रपणे सांगावा. ‘ग्रात्सिए’ आणि ‘आउगूरी’ म्हटल्यानंतर दिलेला नकार कोणाला टोचत नाही. शुभेच्छेच्या आधीच नकार दिला, तर माणूसच नाकारल्यासारखे होते.

अहिंसेच्या दृष्टीने आणखी एक वाक्प्रचार माहीत असावा. जानेवारी-फेब्रुवारीत इटालियन विद्यापीठांच्या परीक्षा असतात. परीक्षेला निघालेल्या मुलाला तेथे ‘इन बोक्का आल लूपो’ म्हणजे ‘लांडग्याच्या तोंडात’ असे म्हणतात. संकटातून सुखरूप बाहेर यावे, असा त्याचा आशय. याचे परंपरागत उत्तर ‘क्रेपी’, म्हणजे ‘मरो तो लांडगा’. अलीकडे मात्र अनेक इटालियन लोकांनाच ते रुचत नाही आणि ते ‘व्हीवा इल लूपो’ म्हणजे ‘लांडगा जगो’ असे उत्तर देतात. जैन घरातील मुलाने कोणते उत्तर निवडावे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

परधर्माच्या सणाची शुभेच्छा दिल्याने स्वधर्म उणावतो का, असा संकोच काही वडीलधाऱ्यांच्या मनात असतो. त्याचे उत्तर दोन बाजूंनी देता येते. खुद्द रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल नाताळच्या दिवशी सेंट पीटर्सच्या सज्जातून साठांहून अधिक भाषांत शुभेच्छा देत असत आणि त्यांत हिंदीसारख्या आपल्या भाषाही असत. त्या सर्व भाषा काही त्यांना अवगत नव्हत्या. तरीही चौकात उभ्या असलेल्या एखाद्या भारतीयाला आपल्या भाषेतले दोन शब्द ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. दुसरी बाजू आपल्याच घरातली आहे. संवत्सरीला ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना प्राकृत येते? शब्द परका असला तरी तो उच्चारताना हात जोडले जातात आणि मन क्षणभर नम्र होते. शब्दाचे सामर्थ्य व्याकरण येण्यात नसते. तो कोणासाठी व कशासाठी म्हणतो आहोत, हे ठाऊक असण्यात असते. तेच ठाऊक नसेल, तर क्षमापनेचा संदेशही पुढे ढकललेले एक चित्र होऊन बसतो.

याची उलट बाजू पाहायची असेल, तर एका इटालियन माणसाकडे पाहावे. लुइजी पिओ तेस्सितोरी यांचा जन्म 13 डिसेंबर 1887 रोजी उत्तर इटलीतील उदीने या गावी झाला. वाल्मीकी रामायण आणि तुलसीदासांचे रामचरितमानस यांच्या तौलनिक अभ्यासावर त्यांनी फ्लॉरेन्स येथे पदवी मिळवली. जुन्या पश्चिमी राजस्थानीचे व्याकरण त्यांनी मुख्यतः जैन हस्तलिखितांच्या आधारे मांडले. 1914 साली ते भारतात आले आणि जोधपूर व बिकानेर संस्थानांत चारणी वाङ्मयाच्या शोधार्थ फिरले. आचार्य विजयधर्मसूरी यांच्याशी त्यांचा दृढ स्नेह जुळला आणि आचार्यांचे चरित्र त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. आईच्या आजारपणामुळे 1919 साली ते मायदेशी गेले. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच तिचे निधन झाले होते. नोव्हेंबरमध्ये ते भारतात परतले ते आजारी होऊनच आणि 22 नोव्हेंबर 1919 रोजी बिकानेर येथे त्यांचे देहावसान झाले. वयाची 32 वर्षे पूर्ण होण्यास तीन आठवडे उरले होते. त्यांचा देह बिकानेरच्या मातीतच विसावला.

तेस्सितोरी यांना कोणी राजस्थानी शिकण्याची सक्ती केली नव्हती. ते आपल्या लोकांच्या दाराशी आले ते आपल्याच लोकांची भाषा बोलत. ज्या देशातून असा माणसू जैन ग्रंथभांडारांच्या दारी आला, त्या देशातील परिचितांना वर्षातून एकदा त्यांच्या भाषेत दोन शब्द लिहिणे, ही त्या ऋणाची अगदी लहानशी फेड होय.

यंदा 25 डिसेंबरपूर्वी एवढे करावे. ज्या इटालियन स्नेह्याला संदेश पाठवायचा त्याचे नाव आधी लिहावे. त्याखाली ‘ब्वोन नाताले’ किंवा ‘ब्वोने फेस्ते’ लिहावे. तो वयाने वा मानाने मोठा असेल तर ‘आ लेइ ए फामील्या’ जोडावे आणि शेवटी स्वतःचे नाव घालावे. रोमन अक्षरांतली जुळणी घरातील मुलांकडून तपासून घ्यावी. त्यांनाही काही शिकल्याचा आनंद मिळेल. चित्र जोडण्याची गरज नाही. शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बोलीत ‘नाताळाचीं परबीं’ म्हणावे. पुढच्या दिवाळीत त्यांच्यापैकी कोणी दारात उभे राहून ‘जय जिनेंद्र’ म्हणाले, तर या दोन शब्दांचे मोल कोणाला निराळे सांगावे लागणार नाही.